त्याआधी

माझा धाकटा भाऊ अकरा महिने प्यायलेला नाही, असं मी भेटेल त्याला सांगत होतो, तेव्हा खरं तर दहाच महिने झाले होते. अकराव्या महिन्यात तो पीत होता. हे मला कळलं ते एका लिफ्टच्या टपावर, गुडघे पोटाशी घेऊन आडवा पडलेलो असताना, आणि त्याचा राग अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे शहाण्यासारखं बोललो तर कोणाचा गैरसमज नको.

आम्ही दोघं लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. मी सव्वीस वर्षं, तो अठरा. त्याला सगळे बारक्या म्हणतात. उंचीनं माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, खांदे दारात अडकतील असे, पण घरात शेवटी जन्मला म्हणून बारक्या तो बारक्याच राहिला. कामावर आम्हाला जोडीनं पाठवतात, कारण लिफ्टच्या शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिच्यात, एकट्यानं उतरायचं नसतं. एकजण केबिनच्या टपावर उभा राहून रूळ, दोर आणि दारांचे खटके तपासतो. दुसरा गच्चीवरच्या मशीन रूममध्ये बसून लिफ्ट सावकाश चालवतो. नव्या लिफ्टमध्ये टपावरच बटणं असतात, त्यामुळे टपावरचा माणूस स्वतःचा मालक असतो. जुन्या लिफ्टमध्ये ती सोय नाही. तिथे त्याचा जीव वरच्या माणसाच्या बोटात.

म्हणून आमच्या धंद्यात एक रीत आहे. तिला आम्ही ‘शब्द परत देणं’ म्हणतो. टपावरच्यानं वॉकीटॉकीवर म्हणायचं, ‘वर’. मशीन रूममधल्यानं बटणाला बोट लावण्याआधी तोच शब्द परत द्यायचा, ‘वर’. तो ऐकला की टपावरचा माणूस हात सांभाळतो, आणि मग लिफ्ट हलते. शब्द परत आला नाही तर काही म्हणता काही हलत नाही. नव्या माणसाला पहिला आठवडा दुसरं काहीच शिकवत नाहीत. ही सवय इतकी हाडीमाशी खिळते की घरी बायकोनं ‘मीठ’ म्हटलं की मी आधी ‘मीठ’ म्हणतो आणि मग बरणी पुढे करतो. लग्न झालं तेव्हा तिला वाटायचं, मी तिला वेडावतोय.

बारक्याचं पिणं पाच-सहा वर्षांचं. आधी कामानंतर, मग कामाआधी, मग कामाऐवजी. त्याची बायको मुलीला घेऊन तिच्या भावाकडे राहायला गेली, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शेवटी मीच त्याला बखोट धरून व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकला. पंचेचाळीस दिवसांनी तो बाहेर आला तेव्हा गालाची हाडं दिसत होती, पण डोळे स्वच्छ होते. माझ्या बायकोनं त्याला पाण्यासाठी स्टीलची नवी बाटली घेऊन दिली, निळ्या झाकणाची. मी आमच्या साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, त्याला माझ्या जोडीला द्या, जबाबदारी माझी. आणि बारक्या आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून मला म्हणाला, ‘दादा, शब्द देतो. पुन्हा नाही.’

मी शब्दावर जगणारा माणूस. मी विश्वास ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी इमारतीच्या दारात, हत्यारांच्या पेट्या उचलायच्या आधी मी त्याला विचारायचो, ‘ठीक?’ तो म्हणायचा, ‘ठीक.’ की मी टपावर जायला मोकळा. अकरा महिने एक दिवसही ते चुकलं नाही.

त्या दिवशी नऊ मजल्यांची जुनी कचेरी होती, लिफ्टही जुनी. दुपारी दोनची वेळ. मी सर्वांत वरच्या मजल्याचं काम संपवलं आणि खाली सरकायचं म्हणून वॉकीटॉकीवर म्हणालो, ‘खाली.’ त्याचा आवाज आला, ‘खाली.’ अगदी स्पष्ट, नेहमीसारखा. मी एका हातानं चौकट धरली, आणि लिफ्ट वर जायला लागली.

आधी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. अशा वेळी माणूस पहिल्यांदा स्वतःवर संशय घेतो. मग डोक्यावरचं काँक्रीट जवळ यायला लागलं. मी ओरडलो, ‘थांब.’ ‘थांब,’ तो म्हणाला, आणि लिफ्ट वर जातच राहिली. मी अंगाचं मुटकुळं करून आडवा झालो. शेवटी वरचा लिमिट स्विच लागला, वीज तुटली आणि केबिन थांबली. माझा खांदा आणि छत यांच्यात एक वीत जागा होती. हेल्मेट मी आधीच डोक्यावरून ओढून काढलं होतं, म्हणून डोकं मावलं.

आता गंमत अशी, की मला तिथून खाली आणायलाही वर तोच बसलेला. मी त्याला मेन स्विच बंद करायला सांगितलं. ‘मेन बंद,’ तो म्हणाला. पण त्या शब्दाची किंमत मला नुकतीच कळली होती. मी खिशातला फोन कसाबसा काढून साहेबांना लावला, दुसरी जोडी पाठवा म्हणालो, आणि चाळीस मिनिटं तसाच पडून राहिलो. बारक्या वॉकीटॉकीवर विचारत होता, दादा लागलं का, दादा बोल काहीतरी. मी ऐकत होतो, पण बोललो नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाचा तरी शब्द परत दिला नाही.

त्या चाळीस मिनिटांत मला सगळं दिसलं. गेले काही दिवस तो पेपरमिंटच्या गोळ्या चघळत होता. घशात खवखव आहे म्हणाला होता. जेवताना माझ्या शेजारी न बसता समोर बसत होता. मला वाटलेलं, ऐकू नीट यावं म्हणून बसतो. मी किती मूर्ख असेन याला काही मर्यादा असेल असं मला वाटत होतं, ती त्या दिवशी संपली.

दुसऱ्या जोडीनं हातानं चाक फिरवून केबिन खाली घेतली. मी जिने चढून मशीन रूममध्ये गेलो. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. निळ्या झाकणाची बाटली शेजारीच होती. मी झाकण काढून वास घेतला. त्याला मारीन असं मला वाटलं होतं, पण हात उचलला गेला नाही.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘आजच, दादा.’

साहेबांच्या खोलीत पोचेपर्यंत त्या ‘आजच’चे नऊ दिवस झाले होते, आणि साहेबांनी चष्मा खाली करून एकदा बघितल्यावर सव्वीस. सव्वीस दिवस रोज सकाळी त्यानं मला ‘ठीक’ म्हटलं होतं, आणि मी रोज त्याच्या भरवशावर टपावर जाऊन उभा राहिलो होतो. तो प्यायला याचं मला तितकंसं काही वाटलं नाही. प्यायलेला तो मी शंभर वेळा पाहिला होता. पण त्यानं माझ्या डोळ्यांत धूळ फेकली ती आमच्या धंद्याचाच शब्द वापरून, हे मला सहन होईना.

साहेब बुटके, तिखट आणि एका बाबतीत जरा वेडे आहेत. अपघात होता होता टळला की ते एक कागद भरून घेतात. त्यावर पहिला प्रश्न, ‘काय झालं?’ आणि त्याखाली सात वेळा एकच प्रश्न, ‘त्याआधी काय झालं?’ त्या कागदाला सगळे ‘त्याआधी’च म्हणतात. एकदा एका मिस्त्रीनं वैतागून शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘त्याआधी माझा जन्म झाला.’ साहेबांनी त्याखाली लाल पेनानं ‘त्याआधी?’ लिहून कागद परत पाठवला. निष्काळजीपणा हा शब्द त्या कागदावर चालत नाही. ते कारण नाही, ती शिवी आहे, असं साहेब म्हणतात.

मी माझा कागद तिथेच उभ्या उभ्या भरला. काय झालं, तर भावानं दारू पिऊन लिफ्ट उलटी चालवली. त्याआधी त्यानं शब्द मोडला. त्याआधी तो खोटारडा होता. पुढच्या ओळी रिकाम्या सोडल्या. साहेबांनी वाचला आणि विचारलं, ‘यावरून पुढच्या वेळी मी काय बदलू ते सांग.’ मी म्हणालो, भाऊ बदला. त्यांनी कागद घडी करून टेबलाच्या खणात ठेवून दिला.

निकाल असा लागला. बारक्यानं रोज संध्याकाळी पुन्हा केंद्रात जायचं. तीन महिने शाफ्टचं तोंड बघायचं नाही, वर्कशॉपमध्ये बसून दारांचे रोलर साफ करायचे. तीन महिन्यांनी त्याला जोडीदार म्हणून घ्यायला कोणी लेखी तयार असेल तर तो परत येईल. नसेल तर त्याची नोकरी संपली, कारण वर्कशॉपमध्ये कायमची जागा नाही. आणि बाकी कोणी तयार होणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे शेवटी सगळं माझ्यावरच येऊन पडलं. मी साहेबांना सांगितलं, लेखी सोडा, तोंडीसुद्धा नाही.

अडीच महिने मी त्याच्याशी बोललो नाही. वर्कशॉपवरून जाताना तो खाली मान घालून रोलर घासत असलेला दिसायचा. मी मुद्दाम मोठ्यानं दुसऱ्याशी बोलत पुढे जायचो. लहान मुलासारखं होतं ते, कळत होतं मला.

एका रविवारी सकाळी तो घरी आला. माझ्या बायकोनं दार उघडलं, मी पेपर तोंडापुढे धरून बसलो. त्यानं माझ्यासमोर एक कागद ठेवला. ‘त्याआधी’चा कागद होता, आणि जागा पुरली नाही म्हणून खाली दुसरा डिंकानं चिकटवलेला. केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं, की पुन्हा प्यायलात त्याची नुसती माफी मागत बसू नका, तिथवर कसे पोचलात ते लिहा. बारक्याला लिहायला सुचेना, म्हणून तो साहेबांकडे जाऊन हा कागद मागून घेऊन आला होता. टळलेल्या अपघाताच्या कागदावर जोडीतल्या दोघांची सही लागते. त्याला माझी सही हवी होती.

मी वाचायला घेतला तो चुका काढायलाच. अक्षर त्याचं नेहमीसारखंच कोंबडीचे पाय. काय झालं, तर दादा टपावर असताना उलटं बटण दाबलं. त्याआधी बाटलीतून चार घोट घेतले. त्याआधी सव्वीस दिवस रोज थोडी थोडी, कारण पहिल्या दिवशी काहीच वाईट झालं नाही आणि त्याचंच जास्त वाईट झालं. त्याआधी बसमधून एक थांबा अलीकडे उतरलो, पाय मोकळे करायला उतरलो असं स्वतःला सांगितलं, दुकान त्याच थांब्यावर आहे हे मला माहीत होतं. त्याआधी आठवडाभर झोप नव्हती, कोणाला सांगितलं नाही. त्याआधी दारू सोडलेल्यांच्या बुधवारच्या बैठकीला जाणं सोडलं.

इथवर मी मान हलवत होतो. चिकटवलेल्या कागदावर पुढची ओळ होती. ‘त्याआधी दादा रोज ठीक विचारायचा आणि मी ठीक म्हणायचो. ठीक नव्हतं. पण त्यानं दिलेला शब्द परत देणं सोपं होतं, दुसरा शब्द शोधावा लागला असता.’ आणि तिच्याखाली शेवटची. ‘त्याआधी दादा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाला, हा आता पूर्ण बरा झाला, याला त्या रडक्या लोकांत जाऊन बसायची गरज नाही. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून बैठकीला जायची लाज वाटायला लागली.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं मला छताला चेचायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तो माझ्याच घरी येऊन माझंच नाव लिहिलेला कागद माझ्याकडून सही करून मागत होता.

‘म्हणजे मी पाजली तुला?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘प्यायलो मीच. तुझ्यावर ढकलायला नाही लिहिलं, दादा. कुठे घसरलो ती जागा मला माहीत पाहिजे. नाहीतर मी पुन्हा तिथेच जाऊन उभा राहीन, आणि मला वाटेल मी ठणठणीत आहे.’

‘निघ,’ मी म्हणालो.

तो निघाला. कागद मात्र ठेवून गेला.

मी बायकोकडे वळलो. मला वाटलं, आता ती तरी माझ्या बाजूनं चार शब्द बोलेल. ती ओटा पुसत होती. तिनं विचारलं, तो रडक्या लोकांबद्दलचं लिहितोय ते खरं आहे का? मी म्हणालो, मला कुठलं आठवतंय, माणूस शंभर गोष्टी बोलतो. ‘मला आठवतंय,’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी घरी येऊन तुम्ही तेच मला दोनदा ऐकवलं होतंत. एकदा बूट काढताना आणि एकदा जेवताना.’

मग तिनं फडकं पिळून दांडीवर टाकलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की पेपरमिंटचा वास तिला त्या दुपारच्या दहा-बारा दिवस आधीच आला होता. त्यानं डबा परत आणून दिला तेव्हा. तिला शंका आली होती.

मला क्षणभर कळेचना ती काय म्हणतेय. ‘आणि तू मला बोलली नाहीस? मी रोज त्याच्या हाताखाली टपावर जात होतो.’

‘मला काय माहीत तो कामावर पितो. मला वाटलं, खात्री करून मग सांगू.’ तिनं दांडीवरचं फडकं सरळ केलं. ‘आणि खरं सांगू का, तुम्ही इतके खुशीत होता. तुमच्यासमोर ते काढायची कोणाची छाती होती?’

त्या दिवशी मी जेवलो नाही. दगा एका बाजूनं झाला तर माणूस दुसऱ्या बाजूला तोंड फिरवू शकतो, मला दोन्हीकडून झाला होता. चालत चालत कितीतरी लांब गेलो. वाटेत दोघांनाही मनात भरपूर शिव्या घातल्या. भावाला जास्त, बायकोला थोड्या कमी, कारण घरी परत जायचं होतं.

पण एक गोष्ट मला चालता चालता टोचत राहिली. त्यानं खोटं लिहिलं असतं तर मला बरं झालं असतं. ती जेवणाची सुट्टी मला चांगली आठवत होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. सगळे बघत होते, आणि एकजण म्हणाला होता, भाऊ असावा तर तुमच्यासारखा. मला ते आवडलं होतं. बारक्या बरा झाला यापेक्षा मी त्याला बरा केला, हे मला जास्त आवडलं होतं. त्यानंतर त्यानं मला काही वेगळं सांगितलं असतं, तर मी ते ऐकून घेतलं असतं का, याचं उत्तर मला स्वतःला द्यायला लागू नये म्हणून मी आणखी दोन रस्ते उगीचच चाललो.

घरी आल्यावर मी तो कागद उघडला. त्याच्या शेवटच्या ओळीखाली थोडी जागा होती. मी लिहिलं, ‘त्याआधी मला फक्त चांगलंच ऐकायचं होतं.’ पेन्सिलनं लिहिलं, पेनानं लिहायची हिंमत झाली नाही. मग सही केली. सही पेनानं केली.

याचा अर्थ मी त्याला माफ केलं असा कोणी घेऊ नये. साहेबांनी कागद वाचून विचारलं, जोडीला घेतोस का, तेव्हा मी म्हणालो, कागद खरा आहे एवढंच मी सही करून सांगितलंय. माणूस खरा आहे की नाही ते मला माहीत नाही. साहेब म्हणाले, तीन महिने येत्या सोमवारी पुरे होतात, त्या दिवशी सकाळी हो की नाही ते सांग, त्यापुढे मी त्याची नोकरी राखू शकत नाही. मी रविवारपर्यंत ‘नाही’वर होतो. रविवारी संध्याकाळी ‘हो’वर आलो. का आलो ते विचारू नका. बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, दुसरा कोणी घ्यायला नाही म्हणून. कामावरच्या दोघा-तिघांना मी फोन करून कळवलंसुद्धा, की उद्यापासून बारक्या परत येतोय. जित्याची खोड म्हणतात ती हीच असावी.

सोमवारी सकाळी वर्कशॉपच्या अंगणात सगळ्या जोड्या उभ्या होत्या. साहेब हातात पाटी घेऊन कोण कुठल्या इमारतीत जाणार ते लिहीत होते. आमच्या वाट्याला पुन्हा जुनी लिफ्ट होती, टपावर बटणं नसलेली. बारक्या नवे हातमोजे घालून पेटीशी उभा होता. मी त्याच्यासमोर गेलो. जिभेवर नेहमीचा शब्द आला होता, तो मी गिळला.

‘कसा आहेस?’ मी म्हणालो. ‘नीट सांग. मला घाई नाही.’

तो हातमोज्याच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. लोक बघत होते. त्याच्या वतीनं मीच काहीतरी बोलून टाकावं असं मला दोनदा वाटलं, आणि दोन्ही वेळा मी दात आवळून धरले. मग त्यानं हातमोजे काढले.

‘दादा, काल संध्याकाळी मी त्या थांब्यावर उतरलो,’ तो म्हणाला. ‘दुकानाच्या दारापर्यंत गेलो. आत गेलो नाही, केंद्रातल्या बाईंना फोन केला. पण सकाळपासून हात धड नाहीत. आज मला मशीन रूममध्ये बसवू नकोस.’

हे त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. माझे कान तापले. आदल्या दिवशी ज्यांना मी फोन केले होते ते माझ्याकडे बघत होते. पहिली गोष्ट माझ्या मनात आली ती हीच, की यानं मला पुन्हा तोंडघशी पाडलं. आजच परत यायचा दिवस, आणि आजच हे. दुसरी गोष्ट यायला थोडा वेळ लागला. त्याचे हात मी बघितले. खरंच धड नव्हते. तो ‘ठीक’ म्हणाला असता तर मी ते बघितलेही नसते, आणि अर्ध्या तासात टपावर उभा असतो.

साहेबांनी पाटीवरून मान वर केली. आज मला दुसरा जोडीदार देतो म्हणाले, आणि बारक्याला वर्कशॉपमध्ये जायला सांगितलं. मग पेन्सिल कानामागे ठेवून मला विचारलं, ‘आता सांग. हो की नाही? आज मला वरच्या ऑफिसला लिहून पाठवायचंय.’

बारक्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो पेटीची कडी लावत होता आणि ती लागत नव्हती. नोकरी गेली असंच त्यानं धरलं होतं, ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. हे होणार हे माहीत असूनही तो बोलला होता.

मी अजून रागावलेला होतो. आजही आहे.

‘हो,’ मी म्हणालो. ‘आज तो नाही म्हणाला, म्हणून हो.’

साहेबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वर पाठवायच्या कागदावर माझ्या नावापुढे त्याचं नाव लिहिलं.